हातभाऊचं पाचवं बोट

कुठंही हाताचं चित्र दिसलं की मी आधी बोटं मोजते. साबणाच्या पुडीवर, बँकेच्या जाहिरातीत, कुठंही. परवा एका सराफाच्या बोर्डावरच्या नवरीची बोटं मोजत भर रस्त्यात उभी राहिले, तर मागून रिक्षावाला म्हणाला, "मावशी, मुलगी पसंत पडली असेल तर सरका आता." त्याला काय सांगणार? ही खोड मला बुद्धरत्नामुळं लागली, आणि ती गोष्ट रिक्षा थांबवून सांगण्याइतकी लहान नाही.

मी कुसुम. भोसरीत लांडेवाडीच्या कोपऱ्यावर माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे, पंचवीस वर्षं झाली. तोंडावर सगळे कुसुमताई म्हणतात, माघारी काय म्हणतात तेही मला माहीत आहे. आहे मी फटकळ. पण माझ्या लॅमिनेशनमध्ये एक बुडबुडा दाखवा, दुकान तुमच्या नावावर करून देते.

बुद्धरत्न आला २०१० साली, इंटरमिजिएट ड्रॉइंगचं सर्टिफिकेट लॅमिनेट करायला. दहावी नुकतीच झालेली. मशीन गरम होईपर्यंत बाहेर उभा राहून माझा बोर्ड बघत होता. मग आत येऊन म्हणतो, "ताई, तुमच्या बोर्डावर अक्षरं दाटीवाटीनं बसलीयेत. शेवटचं अक्षर पडेल असं वाटतं." मला असा राग आला! दहा वर्षं त्या बोर्डाखाली बसले होते, एका माणसाची बोलायची हिंमत झाली नव्हती. म्हटलं, "एवढं कळतंय तर तू बसव." त्यानं कॉम्प्युटरवर बसून तासाभरात बसवला. तो बोर्ड अजून तसाच आहे, आणि तो पोरगा तेव्हा जो खुर्चीत बसला तो बसलाच.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले, पोरगं कुठं कामाला लागलंय ते बघायला. साहेबराव. मूळचे उदगीरकडचे, इथं एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर ऑपरेटर. पॉवर प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याचा भाग काढणारं मशीन, खाली येतं तेव्हा आख्खी जमीन हलते. तर हे साहेबराव दारात उभे राहिले, उजवा हात पँटच्या खिशात, आणि नुसती मान हलवून "जय भीम, ताई" म्हणाले. मी मनात म्हटलं, काय रुबाब आहे बाई! माणूस खिशातून हात काढत नाही म्हणजे काय? महिन्याभरानं चहाचा ग्लास त्यांच्या हातात दिला तेव्हा कळलं. त्या हाताला करंगळी नव्हती. सत्त्याण्णव साली प्रेसखाली गेली होती, बुद्धरत्न तेव्हा तीन वर्षांचा. घरच्यांत आणि ओळखीच्यांत तो हात मोकळा असायचा, परकं माणूस दिसलं की खिशात. आम्ही परके राहिलो नाही तसा तो दुकानातही मोकळा झाला आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं.

वाटायचं ते बुद्धरत्नाच्या आईला, जाईबाईला. प्रेस हा शब्द निघाला की बाई सुरूच. "त्या मशीनचं वाटुळं झालं मेल्याचं! गंज लागून मेलं असंल! भंगारात सुदिक कुणी घेतलं नसंल!" मशीनला इतक्या शिव्या देणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. एकदा कपड्याला इस्त्री करायची आहे, प्रेसवाल्याकडं देऊन ये, असं मी म्हटलं, तरी दहा मिनिटं बोलत होती. साहेबराव अशा वेळी पेपरात डोकं घालायचे.

असो. पोरानं पहिली चार-पाच वर्षं डोकी कापली. घाबरू नका. फ्लेक्सच्या धंद्यात फोटोतला माणूस मागच्या भिंतीपासून वेगळा काढायचा असतो, त्याला डोकं कापणं म्हणतात. वर वाढदिवसवाल्याचं मोठं डोकं, खाली शुभेच्छुकांची तीस बारकी. आणि त्या तिसांतला प्रत्येक जण दुकानात येऊन विचारणार, "राव, माझं त्याच्यापेक्षा लहान का?" बुद्धरत्न स्क्रीनवर फूटपट्टी लावून दाखवायचा. कुणाला गोरं व्हायचं असायचं, कुणाला गळ्यात साखळी हवी असायची. केसांची विनंती मात्र लोक कानात करायचे. माझ्या हिशोबानं भोसरीतल्या चाळीस टकलांना त्यानं केस दिले. त्यातले एक जण पुढं निवडणुकीला उभे राहिले, घरोघर फिरले, आणि लोकांनी विचारलं, "उमेदवार कधी येणार आहेत?"

२०१८ साली त्याच्या बहिणीचं, दिपालीचं लग्न झालं. अल्बम त्यानंच केला. मागचा जनरेटर उडवला, खुर्च्यांची चळत उडवली, एका मामांचं जिलेबीनं भरलेलं तोंड मिटवलं. एका फोटोत साहेबरावांचा हात दिपालीच्या डोक्यावर, आणि बोटं चारच, स्वच्छ दिसत होती. सगळं नीट करणाऱ्या ह्या पोरानं ती तशीच ठेवली होती. मी म्हटलं, "रत्ना, हे राहिलं का रे?" तो म्हणाला, "काय राहिलं?" मी म्हटलं, काही नाही. मला वाटलं, पोरानं बापाच्या मानासाठी मुद्दाम ठेवलंय. आत जाऊन डोळे पुसून आले. फुकट रडले. का ते पुढं कळेल.

मग त्याला हिंजवडीची हवा लागली. एका कंपनीत मोबाइलच्या ॲपची चित्रं काढायला लागला. तिथं त्यानं तीन आठवडे एक बटण केलं. तीन आठवडे! ते निळं असावं की जरा कमी निळं, यावर मीटिंगा. वर रोज कॅबमध्ये येऊन-जाऊन चार तास. एक दिवस जॅममध्ये कंटाळून कॅबमधून उतरला आणि चालत ऑफिसात पोचला, तर लॅपटॉप मागं कॅबमध्ये, आणि कॅब यायला आणखी पाऊण तास. आठ महिन्यांनी नोकरी सोडून परत माझ्या दारात उभा. "ताई, तिथं माझं काम बघणारं माणूसच दिसत नाही. फ्लेक्सखाली निदान लोक उभं राहून नावं तरी ठेवतात." मी वरवर चिडले, पण खरं सांगते, मला बरं वाटलं. त्याच्या खुर्चीवर मी कुणाला बसू दिलं नव्हतं.

त्यानंतर त्याला चाकणची कामं मिळायला लागली. चाकणच्या कंपन्यांना मोकळी भिंत बघवत नाही. झाडू टांगायचा तिथं झाडूचं चित्र, कचऱ्याच्या डब्याभोवती पिवळी चौकट, कुठला व्हॉल्व्ह कुठं फिरवायचा त्याचा बाण. कामगार सहा राज्यांतले, त्यामुळं वाचायला न लावता चित्रानं सांगायचं. पोरानं कार्ड छापलं, त्यावर 'व्हिज्युअल कम्युनिकेशन'. मी विचारलं, "म्हणजे काय रे?" म्हणाला, "न बोलता सांगणं." म्हटलं, मग मला पार्टनर करू नकोस बाबा.

आणि मग आलं ते काम. महाळुंग्याजवळची एक प्रेस शॉपवाली, म्हणजे पॉवर प्रेसच्या रांगांची कंपनी, नाव सांगत नाही. तीन प्लांट. तिन्ही प्लांटच्या भिंतींचं वर्षभराचं काम एकाच माणसाला द्यायचं ठरलं होतं, आणि चाचणी म्हणून मार्चमधल्या सुरक्षा सप्ताहाचं पोस्टर. विषय: हात सांभाळा. "ताई," बुद्धरत्न म्हणाला, "हे मिळालं की फ्लेक्स बंद. एकही डोकं कापणार नाही. चाकणला स्वतःचा गाळा घेणार." तीस वर्षांचा घोडा, पण इंटरमिजिएटच्या पोरासारखा चेहरा झाला होता त्याचा.

पोस्टर त्यानं झकास केलं. इंटरनेटवरनं विकतचं एक चित्र घेतलं, निळा हातमोजा, त्याला डोळे, हसरं तोंड. त्याला पिवळं हेल्मेट घातलं आणि नाव दिलं 'हातभाऊ'. खाली मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत: 'मला सांभाळा, मी घर सांभाळतो.' प्रूफ आलं. मी चष्मा लावून अक्षर न् अक्षर तपासलं. मग कंपनीचा सेफ्टी ऑफिसर निरंजन, त्यानं सही केली. त्यांच्या एचआरनं सही केली. चाळीस पोस्टरं मी स्वतः लॅमिनेट केली, बुडबुडा नाही.

चार मार्चला सकाळी पहिल्या शिफ्टला आम्ही दोघं प्लांटवर गेलो. पोस्टरं लागली होती. मशीनच्या रांगेत हातभाऊ असा काही हसत होता की मला आपलं घरचं माणूस बघितल्यासारखं वाटलं. तेवढ्यात किसन नावाचा एक जुना ऑपरेटर पुढं आला. राजगुरुनगरकडचा, मिशा पांढऱ्या झालेल्या. त्यानं पोस्टरकडं बघितलं, मान तिरपी केली, आणि बोट लावून मोजायला लागला. "येक... दोन... तीन... चार." परत मोजलं. मग वळून म्हणाला, "भाऊ, ह्याचं एक बोट कुठं ऱ्हायलं?"

मागनं कुणीतरी ओरडलं, "प्रेसमधी ऱ्हायलं आसंल!"

काय हसले हो लोक! एक पोरगा हसता हसता खाली बसला. हिंदीवाल्यांना कुणीतरी समजावून सांगितलं, मग ते वेगळे हसले. "हातभाऊ, सुट्टी मिळाली का?" "हातभाऊ, आमी न्हाई बघितलं बरं का तुमचं बोट!" मी पोस्टरजवळ गेले आणि मोजली. अंगठा धरून चार. माझ्या तोंडचं पाणी पळालं. हात सांभाळा म्हणून सांगणाऱ्या हातालाच एक बोट कमी, तेही प्रेस शॉपमध्ये, आणि एक नाही, चाळीस ठिकाणी.

निरंजनचा चेहरा हेल्मेटखाली पांढराफटक पडला. सही त्याची होती ना. प्लांट हेड विजयश्री मॅडम आवाज ऐकून आल्या. त्या हसल्या नाहीत. पोस्टरकडं बघितलं, बुद्धरत्नाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "उद्या दहा वाजता. व्हाय-व्हाय घेऊन या."

हे व्हाय-व्हाय म्हणजे कंपन्यांतली एक रीत. कुठं काही चुकलं की एक छापील कागद देतात, त्यावर पाच वेळा 'का' विचारलेलं असतं. चूक का झाली? त्याचं उत्तर लिहायचं. मग ते का झालं? असं खोल खोल जात पाचव्या 'का'ला मूळ कारण सापडतं म्हणे. निरंजननं कागद हातात देताना बजावलं, "लक्षात आलं नाही, विसरलो, असलं काही लिहू नका. माणसाची चूक हे मूळ कारण धरत नाहीत. पाचवा का रिकामा असेल तर काम दुसऱ्याला जाईल." आमच्या घरी असा कागद असता तर माझा संसार चार दिवस टिकला नसता.

दुपारी दुकानात शटर अर्धं ओढून आम्ही तो कागद भरायला बसलो. एक हातभाऊ समोर टेबलावर टेकून ठेवला होता. पहिला का: पाचवं बोट का नाही? मूळ चित्रातच चार आहेत. दुसरा का: मूळ चित्रात चार का? बुद्धरत्न म्हणाला, "ताई, कार्टूनवाले जगभर चारच काढतात. एक बोट कमी काढलं की काम वाचतं." मी म्हटलं, "त्यांचं वाचतं आणि आपलं जातं. लिही." तिसरा का: तपासताना का दिसलं नाही? तिघांनी अक्षरं वाचली, चित्र मोजलं नाही. त्या तिघांत मी होते, म्हणून मी तो पेन जरा जोरातच टेबलावर आपटला. चौथा का: चित्र निवडणाऱ्याला का दिसलं नाही? त्यानं लिहिलं, चित्र पूर्ण वाटलं.

"आणि पाचवा? पूर्ण का वाटलं?" मी ओरडले. "डोळे कुठं गेले होते तुझे? फोटोतल्या माणसाच्या नाकावरची पुळी तुला दिसते, टकलावर एक केस वाकडा लागला तर तुला झोप येत नाही, आणि आख्खं बोट दिसलं नाही?"

"ताई, खरंच नाही दिसलं हो. आत्ताही बघतोय तर मला हात वाटतोय. नुसता हात."

तेवढ्यात साहेबराव डबा घेऊन आले. घरी काही कळलं नव्हतं त्यांना. डबा ठेवला, समोर हातभाऊ बघितला आणि खूश झाले. "हेच का ते पोस्टर? चांगलं हाय की! इतकं तोंड पाडून काय बसलाव?"

"बाबा, नीट बघा. काय चुकलंय?"

त्यांनी पोस्टर उचलून उजेडाकडं धरलं, वरनं खाली बघितलं. "काय न्हाई चुकलं. हेल्मेट जरा बारीक हाय, बाकी बेस हाय."

आणि मी बघत होते. पोस्टर धरलेला त्यांचा उजवा हात आणि पोस्टरवरचा हात, शेजारी शेजारी. अंगठा आणि तीन बोटं. अंगठा आणि तीन बोटं. बुद्धरत्नानंही तेव्हाच बघितलं. पोरानं हातातला पेन खाली ठेवला. तीन वर्षांचा होता तेव्हापासून त्यानं हाच हात धरला होता. शाळेत जाताना हाच, जत्रेत हाच, ताप आला तर कपाळावर हाच. त्याच्या हिशोबी हात म्हणजे एवढाच असतो. अल्बममधला फोटो त्यानं मान राखून वगैरे ठेवला नव्हता, त्याला तिथं काही कमी दिसलंच नव्हतं. आणि मी त्या हातात पंधरा वर्षं चहाचा ग्लास देत आलेय, मला तरी कुठं दिसलं?

साहेबराव आमच्या तोंडाकडं बघायला लागले. मग पोस्टरकडं. मग त्यांनी पोस्टर सावकाश खाली ठेवलं आणि हात खिशात घातला. माझ्या दुकानात, इतक्या वर्षांनी, पुन्हा. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी ओरडते. म्हटलं, "खिशातून हात काढा आधी! इथं कोण परकं आहे?"

"माझ्यामुळं पोराचं काम जायलंय व्हय?" ते म्हणाले.

बुद्धरत्न म्हणाला, "तुमच्यामुळं काही नाही बाबा. हे मी लिहिणार नाहीये. कंपनीच्या फायलीत लावायला तुमचं बोट काय बिलाची पावती आहे? काम गेलं तरी चालेल, मी डोकी कापीन." आणि पाचवा का त्यानं रिकामा ठेवला. कितीही बोलले तरी ऐकेना. आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड कमी पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या वेळी साहेबराव दुकानासमोर हजर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. "मी पण येतो. पोस्टरं काढायला माणूस लागंल." बुद्धरत्न नको नको म्हणत होता, मी गाडीचं दार उघडून त्यांना बसवलं. गेटवर पाहुण्यांना हेल्मेट, चष्मा आणि हातमोजे घालायला देतात. साहेबरावांनी मोजे घातले. उजव्या मोज्याची करंगळी रिकामी, चालताना नुसती लटपटत होती. वॉचमननं ती बघून दुसरी साइज आणून दिली. तीही लटपटली. तो बिचारा तिसरी साइज आणायला निघाला, तेव्हा मी म्हटलं, राहू दे दादा, आमचं माप वेगळं आहे.

मीटिंग उभ्यानं असते, मशीनच्या रांगेसमोरच्या बोर्डापाशी. विजयश्री मॅडम, निरंजन, किसन आणि आठ-दहा ऑपरेटर. मागं हातभाऊ हसतोय, निर्लज्ज. मॅडमनी कागद वाचला. "पाचवा का रिकामा आहे."

"हो मॅडम," बुद्धरत्न म्हणाला. "उत्तर मला माहीत आहे. पण ते माझं नाही, म्हणून लिहिणार नाही. काम दुसऱ्याला दिलंत तरी माझी तक्रार नाही."

निरंजन काही बोलणार तेवढ्यात साहेबराव पुढं झाले. मोजा ओढून काढला, आणि तो हात पोस्टरवरच्या निळ्या हातावर ठेवला. तंतोतंत बसला, करंगळीच्या जागेसकट. "मॅडम, पाचवा का ह्यो हाय. मी ह्याचा बाप. ह्यानं जल्मात असाच हात बगितलाय, मग त्याला चूक कशी दिसायची?"

कुणी हसलं नाही. कालचा तो खाली बसून हसणारा पोरगा भिंतीकडं बघायला लागला. मॅडमनी हळूच विचारलं, "कसं झालं हे?"

आता ते म्हणणार, मशीन खराब होतं. जाईबाईच्या तोंडून हजारदा ऐकलेलं. पण साहेबराव पोराकडं बघत म्हणाले, "मशीन चांगलं होतं. दिवाळीच्या आधीचा ओव्हरटाइम होता. हात आडवायला पुढं जाळी असती ना, गार्ड, ती लावून काम केलं की माल कमी निघतो. मीच दोन बोल्ट काढून गार्ड बाजूला ठिवलं. कुणी सांगितलं न्हवतं. घरी सांगितलं मशीन बिघडलंय. अठ्ठावीस वर्सं तेच सांगायलोय." त्यांचा हात खिशात गेला नाही. "बोटाची लाज न्हवती मला. ह्या खोट्याची होती."

बुद्धरत्नानं सगळ्यांसमोर बापाचा तो हात दोन्ही हातांत धरला. मी नाक पुसायला लागले तर चष्म्यावर वाफ आली, आणि वर हेल्मेट डोळ्यांवर सरकलं, त्यामुळं पुढचं मला नीट दिसलं नाही. एवढं मात्र ऐकलं, किसन शेजारच्याला म्हणाला, "त्या चार नंबरच्या मशीनचं गार्ड लाव जा आदी. हात धुवायला गेलतो म्हून सांग कुणी विचारलं तर." मॅडम समोरच उभ्या होत्या. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं आणि कागदावर पाचव्या 'का'पुढं स्वतःच्या हातानं लिहिलं, 'गार्ड काढलेलं होतं.'

काम मिळालं. तिन्ही प्लांटचं. मॅडमची अट एकच, हातभाऊ काढायचा नाही, त्याच्या शेजारी दुसरं पोस्टर लावायचं. त्यावर साहेबरावांचा फोटो, हात पुढं धरलेला, खाली त्यांचेच शब्द: 'गार्ड मी काढलं होतं. मशीन चांगलं होतं.' साहेबराव फोटोला तयार झाले, पण माझ्या कानात म्हणाले, "ताई, एक करा. हे जाईला कळू देऊ नगा. मशीनला शिव्या देत तिचं आयुष्य गेलंय."

मी शब्द दिला. मी शब्द देते तेव्हा पाळते. पण आठच दिवसांत जाईबाई न सांगता दुकानात आली, तेव्हा ते पोस्टर लॅमिनेशनच्या मशीनमधून अर्धं बाहेर आलं होतं. मधेच थांबवलं तर सुरकुती पडते. मी काय करणार? बाईनं सावकाश बाहेर येणारा नवरा बघितला. मग खालची अक्षरं एकेक लावून वाचली. बापलेक दोघंही तिथंच बसलेले. साहेबराव तर खुर्चीत आणखी खाली सरकले.

"आता सांगितलं व्हय?" जाईबाई म्हणाली.

"जाई, तुला..."

"मला काय म्हाईत न्हवतं? त्या दिवशीची पँट कुणी धुतली? खिशात दोन बोल्ट निघाले. आजून डब्यात हायेत माझ्या." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मशीनला शिव्या घालायचे, मंजी लोकांनी तुमास्नी घालू नयेत म्हून. मशीनचं काय जातंय."

साहेबरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, नऊ बोटांनी, आणि लहान पोरासारखे रडले. जाईबाई त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली, पाठीवर हात ठेवला, आणि पोस्टरकडं बघत राहिली. मग एकदम पोराकडं वळली.

"आन् काय रे, उभ्या भोसरीला केस लावलास, सोताच्या बापाला टकलाच ठिवलास व्हय?"

बुद्धरत्नानं फोटोकडं बघितलं. खरंच सांगते, त्याच्या तोंडावरून कळलं मला, तेही त्याला दिसलं नव्हतं.